हलणारी असेंब्ली फिरवून बघितल्याशिवाय ड्रॉइंग शॉपला सोडावं का?

लिंकेजवेडा (धागाकर्ता):
फिक्स्चर (जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, पकडणारी चौकट) आणि इंडेक्सिंग टेबलच्या (टप्प्याटप्प्याने फिरून थांबणाऱ्या टेबलच्या) कामात अजूनही बरेच जण असेंब्ली (जोडलेले भाग) संगणकावर बंद स्थितीत मॉडेल करतात, एकदा इंटरफेरन्स (भाग एकमेकांत घुसतात का ते) तपासतात आणि ड्रॉइंग सोडून मोकळे होतात. माझ्या मते भाग हलणारा असेल तर पूर्ण फेरा फिरवून दाखवल्याशिवाय रिव्ह्यूच घेऊ नये. टॉगल क्लॅम्प (दांडा दाबून जॉब घट्ट पकडणारा चिमटा) घ्या. बंद आणि उघडा, दोन्ही स्थितींत सगळं जागेवर दिसतं. आर्म अडतो तो मधेच कुठेतरी, जॉबच्या कोपऱ्याला. ती मधली स्थिती कुणी बघतच नाही. फोर-बार लिंकेजचंही (चार सांधलेल्या दांड्या, म्हणजे लिंक) तेच. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब लिंकची बेरीज उरलेल्या दोघींपेक्षा जास्त झाली की कुठलीच लिंक पूर्ण फेरा घेणार नाही. ग्रासहॉफची ही अट विसरलेल्यालाही माउसने क्रँक (फिरवायची दांडी) ओढताना ते लगेच कळतं.

टूलरूमवाला:
अजिबात पटलं नाही. ॲनिमेशन म्हणजे तपासणी, हा समज घातक आहे. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरच्या मोशन स्टडीत तीन प्रकार आहेत: ॲनिमेशन, बेसिक मोशन आणि मोशन ॲनालिसिस. पहिल्यात वस्तुमान नाही, गुरुत्वाकर्षण नाही. मोटर लावली की ती दिलेल्या वेगाने फिरणारच, समोर काहीही येवो. गिअर मेटला (दोन गिअर दिलेल्या प्रमाणात फिरवणाऱ्या जोडणीला) दातांशी देणंघेणं नसतं. २० आणि ४० दातांच्या जोडीला १:२ ऐवजी १:३ टाका, दात एकमेकांतून आरपार जातील पण गिअर थांबणार नाहीत.

जिनिव्हा ड्राइव्हचं बघा, त्यात फिरत्या क्रँकची पिन खाचेत शिरून चाक टप्प्याटप्प्याने फिरवते. चार खाचांच्या चाकात पिन शिरते तेव्हा चाकाचा वेग शून्य असतो, म्हणून पडद्यावर हालचाल मऊ वाटते. पण त्याच क्षणी कोनीय त्वरण शून्यावरून एकदम क्रँकच्या कोनीय वेगाच्या वर्गाइतकं होतं आणि पुढे त्याच्या ५.४ पटींपर्यंत चढतं. सहा खाचा केल्या तर कमाल १.३५ पट. टेबल जड असेल तर पिन टिकणार की नाही ते इथे ठरतं, आणि व्हिडिओत दोन्ही सारखेच छान दिसतात.

डिप्लोमा_मेकॅनिकल:
दादा, पण शिकणाऱ्यांचं काय? फ्रीकॅड १.० मध्ये (नोव्हेंबर २०२४) असेंब्ली वर्कबेंच (भाग जोडायच्या साधनांचा संच) आतच आलं, एक पैसा लागत नाही. जॉइंट लावून भाग हाताने ओढला की कुठला भाग कशामुळे हलतो ते उलगडतं. फळ्यावरच्या आकृतीतून मला ते कधीच दिसलं नव्हतं.

लिंकेजवेडा:
टूलरूमवाले साहेब, त्वरणाचं गणित वेगळं करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण सहा खाचा घेतल्या की चाक हलण्यात क्रँकचे ९० ऐवजी १२० अंश जातात आणि थांबण्याचा वेळ कमी होतो. तेवढ्यात ड्रिल वर येतं का, हे मी टाइमलाइनवरच बघतो. आणि दात आरपार जाताना *दिसले* ना? स्थिर मॉडेलमध्ये तेही दिसलं नसतं. कोलिजन डिटेक्शन चालू ठेवून ओढा, भाग आपटतो तिथे थांबतो.

टूलरूमवाला:
थांबतो, पण मॉडेलच्या मापावर. २५ मिमीच्या एच७/जी६ फिटमध्ये (छिद्र आणि दांड्याच्या मापांची एक प्रमाणित जोडी) क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, ७ ते ४१ मायक्रॉन असतो, मॉडेलमध्ये शून्य. गाइड आखूड आणि जोर बाजूला असेल तर तिरका ओढलेला ड्रॉवर अडतो तशी स्लाइड अडते. ॲनिमेशनमध्ये ती लोण्यासारखी सरकते, ग्राहक तेच बघून मंजुरी देतो आणि मग कस लावायचा फिटरने.

भोसरीचा फिटर:
दोघेही मशीन चालू असतानाचं बोलताय. आमचा वेळ जातो जोडताना. बोल्ट बसतो, पण पाना फिरायला जागा नसते. मोटर बसते, पण बेल्ट बदलायला ती बाहेर काढायची तर अर्धं मशीन सोडावं लागतं. भाग कुठल्या क्रमाने आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते फिरवून दाखवा. त्यात ॲलन कीसुद्धा एक भाग म्हणून घाला आणि निदान ६० अंश फिरवून बघा, म्हणजे षटकोनी खाचेचा पुढचा पैलू पकडता येतो. तेवढीही जागा नसेल तर ड्रॉइंग आमच्याकडे पाठवू नका.