तासाभरात ओठ जातो, वरचा सा लागत नाही. ट्रंपेटवाल्यांनो, सांगा काहीतरी

पिस्टन_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, वय 26. घरचंच बँड पथक आहे, आजोबांनी काढलेलं. सीझनला चंदगडपासून बैलहोंगलपर्यंत जातो, त्यामुळे मराठी गाणीही वाजवतो आणि कन्नडही. ट्रंपेट बाराव्या वर्षी हातात घेतला आणि काकांच्या शेजारी उभा राहून शिकलो. नोटेशन येत नाही, ऐकून बसवतो.

अडचण अशी आहे. वरातीला पहिला पाऊण तास आवाज झक्कास. त्यानंतर वरचा सा फुटायला लागतो. आधी नुसती हवा येते, मग सूर धपकन खालच्या प वर पडतो. मग मी ट्रंपेट तोंडावर दाबतो. दाबलं की दोन गाणी निघतात, तिसऱ्याला काहीच नाही.

यंदा वैशाखात बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला होतो. खडेबाजारात पोचेपर्यंत वरचा ओठ गांधील माशी चावल्यासारखा झाला होता, आतून दातांचे वण. शेवटचा तास मी नुसता ट्रंपेट तोंडाला लावून उभा, आणि क्लॅरोनेटवाले मामा एकटे खिंड लढवत होते. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढायलेत आणि मी गाल फुगवून नाटक करायलोय. लाज वाटली हो.

काका म्हणतात, "दाबाशिवाय वरचा सूर नाही. ओठाला घट्टा पडला की झालं." नेटवर सगळे वॉर्म-अप वॉर्म-अप करतात, पण आमच्यात टेंपोतून उतरलं की थेट पहिलं गाणं. वॉर्म-अपनं खरंच फरक पडतो का? आणि वरचा सूर वाढवायचा तर करायचं काय? पावसाळा आहे, लग्नं नाहीत, गणपतीपर्यंत वेळच वेळ आहे.

शहापूरचा_ताशा

ट्रंपेटातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आम्ही हलगी शेकल्याशिवाय टिपरू लावत नाही. पेंढ्या पेटवतो, कातडं ताणलं की मग वाजवतो. तुझा ओठ पण कातडंच की रे.

वरची_पट्टी

उथळ कपाचा, म्हणजे आतली वाटी कमी खोल असलेला माऊथपीस घे. मी बदलला, दुसऱ्या दिवशी दोन स्वर वर गेलो. बाकी सगळं थोतांड.

बिगुल_हिंडलगा

ताशावाल्यानं लाखाचं बोलून ठेवलंय, मला थोडंच उरलंय. तरी लिहितो, कारण तुझ्या जागी मीही उभा होतो. लष्करी बँडमध्ये बावीस वर्षं काढली, आता हिंडलग्यात घर आहे, सकाळी पोरांना शिकवतो.

आधी माऊथपीसचं. उथळ कपानं वरचे सूर सोपे वाटतात हे खरं, पण आवाज पत्र्यासारखा होतो आणि खालचे सूर पोकळ. दुसरं म्हणजे सवय तीच राहते, दाबायची. तुझ्याकडे बहुतेक 7सी मापाचा असेल, नव्या ट्रंपेटच्या पेटीत तोच येतो. तो पुरे.

आता ओठ काय करतो ते बघ. आपल्या बी-फ्लॅट ट्रंपेटचा मोकळा सा म्हणजे पेटीवरची काळी पाच. पिस्टन, म्हणजे बोटाखालच्या कळा, न दाबता त्या नळीतून ठरावीकच सूर निघतात: खालचा सा, प, मधला सा, ग, प, मग जरा उतरलेला कोमल नी, आणि वरचा सा. बिगुलाला पिस्टनच नसतात, सगळे कॉल असल्याच मोकळ्या सुरांवर उभे. म्हणून बिगुलवाल्याचा ओठ लवकर शहाणा होतो. मधल्या सा ला ओठ सेकंदाला 466 वेळा थरथरतो, वरच्या सा ला 932 वेळा. आता त्याच ओठावर तू पितळेची कडा दाबून धरलीस तर तो थरथरणार कसा? दाबानं रक्त थांबतं, ओठ बधिर होतो, सुजतो. सुजला की अजून दाबावं लागतं. खडेबाजारात तुझं हेच झालं. आणि वर गेल्यावर ते सूर एकमेकांना चिकटून येतात, खाली दोन सुरांत जेवढी जागा होती तेवढी वर नसते. म्हणून ओठ जरा ढिला पडला की सा सुटतो आणि खाली सापडेल त्या सुरावर आदळतो.

घट्ट्याचं काकांना सांगू नकोस, मोठ्या माणसाला दुखवून काय मिळणार. पण तू ते ऐकू नकोस. लुई आर्मस्ट्राँगएवढ्या नामी ट्रंपेटवाल्यालाही 1930च्या दशकात ओठामुळे काही काळ ट्रंपेट खाली ठेवावा लागला होता. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखण्याला डॉक्टरांनी त्याच्याच टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम म्हटलंय.

सकाळचं असं कर. ट्रंपेट पेटीतच राहू दे. घोडा फुरफुरतो तसे ओठ सैल सोडून दोन मिनिटं फुरफुरव. आमचे उस्ताद याला "तबेला" म्हणायचे. मग नुसता माऊथपीस दोन बोटांत धरून भोंग्यासारखा खालून वर, वरून खाली. मग ट्रंपेट घे आणि मधल्या सा पासून एकेक सूर खाली उतरत लांब धर, आठ-आठ मोजून, पण इतका हळू की शेजारच्या खोलीत कळू नये. हळू वाजवणं जास्त अवघड आहे, करून बघ. जोरात वाजवून वाईट ओठही भागवून नेतो, हळू वाजवताना सगळी चोरी उघडी पडते.

त्यानंतर पिस्टन न दाबता सा-प-सा, प-सा-प, जीभ न मारता, एका श्वासात घसरत. यातच सगळं आहे. शीळ घालतोस ना? शीळ वर नेताना ओठ ओढत नाहीस, आत जीभ उचलतोस. आतल्या आत "आ" चा "ई" होतो. ट्रंपेटवर तेच. जीभ उचलली की हवेला वाट अरुंद, हवा वेगानं जाते. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा, गाल फुगवायचे नाहीत. पाव तास वाजवलंस की पाव तास गप्प बसायचं. गप्प बसणं सुद्धा रियाजच आहे, हे मला पटायला दहा वर्षं लागली.

वरच्या सुराला रोज हात लावू नकोस. आज जिथपर्यंत न दाबता जातोस तिथं थांब. महिन्याला अर्धा स्वर वाढला तरी पेढे वाट.

आता एकच गोष्ट लगेच कर. उजवी करंगळी कुठं असते तुझी? त्या हुकात ना? काढ ती बाहेर, वर नुसती टेकव. तो हूक एका हातानं ट्रंपेट धरून पान उलटायला आहे. आपण त्याला धरून ट्रंपेट तोंडावर ओढतो आणि ओढतोय हे कळतही नाही.

पिस्टन_खानापूर

करंगळी काढून बघितली. वरचा सा सोडा, मधल्या सा च्या वरचा ग पण लागेना. म्हणजे मी इतकी वर्षं करंगळीनं वाजवायलोय?

आणि टेंपोतून उतरल्यावर "तबेला" कसा करू? नवरा घोड्यावर बसून तयार असतो, त्याचा घोडा फुरफुरतोय त्यात मी पण!

बिगुल_हिंडलगा

हो, करंगळीनंच. बहुतेक बँडवाले तसंच वाजवतात. महिनाभर लहान मुलासारखं वाजेल, घाबरू नकोस. घरात आवाज नको असेल तर समोर दोरीवर वाकळ टांग आणि तिच्याकडे तोंड करून वाजव.

टेंपोत माऊथपीस खिशातून काढायचा. खानापूरहून बेळगाव 25-26 किलोमीटर, तेवढ्यात काम होतं. ड्रायव्हर शिव्या घालेल, घालू दे. पहिली दोन गाणी खालच्या पट्टीतली निवडा. आणि मुख्य म्हणजे, चार तास एकट्या ट्रंपेटनं वरची ओळ ओढायची ही पद्धतच चुकीची आहे. एक कडवं तू, एक क्लॅरोनेट, एक दुसरा ट्रंपेट. दुसरा कोण आहे?

पिस्टन_खानापूर

काका. ते खालची ओळ वाजवत नसतात.

बिगुल_हिंडलगा

मग देवच मालक.

कॅम्पचा_कॉर्नेट

थोडी वेगळी भर. मी कॅम्पातल्या चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसाला वाजवतो. वॉर्म-अप दोन असतात, एक ओठाचा आणि एक पितळेचा. डिसेंबरच्या रात्री ट्रंपेट थंडगार असतो. आतली हवा थंड म्हणजे आवाजाचा वेग कमी, आणि सूर उतरलेला. दर अंशाला साधारण तीन सेंट (सूर मोजायचं बारीक माप) धरा. दहा अंशांचा फरक पडला तर तीस सेंट झाले, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास तिसरा हिस्सा. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. ऑर्गन सुरू झाला, मी सूर लावला आणि पहिल्या बाकावरच्या आजीनं मागं वळून बघितलं. तेव्हापासून मी ट्रंपेट स्वेटरच्या आत धरून बसतो आणि सुरू करायच्या आधी आवाज न काढता नळीतून हवा सोडतो.

उन्हाळ्यात उलटं. एप्रिलच्या दुपारी उन्हात सूर चढतो, तेव्हा मोठी स्लाईड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, थोडी बाहेर ओढावी. चढलेला सूर ओठानं खाली दाबत बसलात तर तिथंही ओठच थकतो. खानापूरकर, तुमची मिरवणूक वैशाखातली होती, हे पण एकदा तपासा.

आणि वाजवायच्या आधी कुंदा खाऊ नका. लग्नघरी आग्रह होतो, मला कळतं. पण साखर थुंकीबरोबर आत जाते आणि पिस्टन चिकटतात. निदान चूळ भरा. माझा दुसरा पिस्टन एका बारशाला असाच अडकला, अख्खं गाणं दोनच पिस्टनांवर वाजवलं. यजमानांनी कौतुक केलं, म्हणाले चाल वेगळीच बसवलीत.

वरची_पट्टी

माऊथपीसचं मी बोललो ते मागं घेतो. माझा जुना सापडत नाहीये, कोणाकडे 7सी जास्तीचा आहे का?

पिस्टन_खानापूर

विसर्जन झालं, म्हणून लिहितोय. परवा रात्री निघालो, काल सकाळी कपिलेश्वर तलावाजवळ पोचलो.

जून-जुलै वाकळेसमोर काढले. पहिले तीन आठवडे रडकुंडीला आलो होतो, आई म्हणाली रेडकू ओरडल्यासारखं वाजायलंय. मग एक दिवस सा-प-सा करताना जीभ आपोआप उचलली गेली आणि वरचा ग कसला जोर न लावता आला. मी थांबून ट्रंपेटकडेच बघत बसलो. वरचा सा अजून रोज लागत नाही. दहातला सहा वेळा लागतो. पण फुटला तरी आता ओठ सुजत नाही, दातांचे वण नाहीत.

मिरवणुकीत मामांशी ठरवलं, एक कडवं ते, एक मी. वरचा सा फक्त शेवटच्या ओळीला. पहाटे चारला रामलिंग खिंडीजवळ माझ्या ओठात जीव होता, पहिल्यांदाच. सहाला मात्र दमलो, खोटं कशाला बोलू. सातच्या सुमाराला तलावाजवळ शेवटचं वाजवलं तेव्हा सा लागला, जरा उतरलेला, पण लागला.

खालची ओळ काकांनी वाजवली नाहीच. पण टेंपोत येताना मी माऊथपीस काढला तेव्हा ते काही बोलले नाहीत. आणि मारुती गल्लीत मी सहज बाजूला बघितलं तर त्यांची करंगळी हुकाच्या बाहेर होती. नंतर विचारलं, तर म्हणाले, "घाम आला होता बोटाला."