मदत हवी आहे: एपीपी (सहायक सरकारी वकील) व्हायचंय, दिवाणी सोडू का?

नमस्कार मंडळी. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बस स्थानक) जिल्हा न्यायालयात एका सीनियरांकडे ज्युनिअर आहे. काम सगळं दिवाणी: वाटप, मनाई हुकूम आणि तारखांवर तारखा. ओढा मात्र फौजदारीकडे. साक्षीदार फितूर झाला की सरकारी वकील त्याचाच उलटतपास कसा घेतात, ते बघायला मागच्या बाकावर हटकून बसतो.

सेशन्स कोर्टात सरकारी वकील व्हायचं तर बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १८ प्रमाणे किमान ७ वर्षांची वकिली लागते. म्हणून आधी एमपीएससीतून एपीपी, असा बेत आहे. (जुना कायदा, सीआरपीसी, पाठ होता हो, आता नवी कलमं घोकतोय!)

कुणी एपीपी असाल तर सांगा, आत्ताच फौजदारी सीनियर धरावा का? मॅजिस्ट्रेट कोर्टातला रिमांड-जामिनाचा रोजचा रगाडा कसा असतो? आणि पहिलं पोस्टिंग घरापासून किती लांब मिळालं?