दर पावसाळ्यात विडाल पॉझिटिव्ह येते, हा प्रत्येक वेळी टायफॉइडच असतो का?

पाऊसवाट:
माझी 20 वर्षांची मुलगी शिक्षणासाठी पुण्यात राहते आणि खानावळीत जेवते. गेल्या तीनही पावसाळ्यांत तिला ताप आला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विडाल तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह निघाली आणि सेफिक्झिम व ऑफ्लॉक्सासिन एकत्र असलेल्या गोळ्या पाच दिवस घेऊन ती बरी झाली. यंदाचा ताप मात्र वेगळा वाटला. तो रोज थोडाथोडा चढत सहाव्या दिवशी 103 अंशांवर गेला, तेव्हा तिला रुग्णालयात दाखल केले. तेथील डॉक्टरांनी आधी कल्चरसाठी, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतले आणि मगच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने सुरू केली. आज इंजेक्शनांचा तिसरा दिवस आहे, तरी संध्याकाळी ताप 102 पर्यंत जातोच. विडालमध्ये ओ आणि एच या दोन प्रकारच्या प्रतिद्रव्यांचे प्रमाण अनुक्रमे 1:160 आणि 1:320 आहे. औषध लागू पडत नाही असे समजून ते बदलण्याचा आग्रह धरावा का? एकाच मुलीला चार वर्षांत चार वेळा टायफॉइड होऊ शकतो का? सासूबाईंचे म्हणणे असे की हा मुदतीचा ताप आहे, 21 दिवस भरल्याशिवाय तो उतरणार नाही आणि तोवर पेजेखेरीज काही देऊ नये.

काचपट्टी:
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून तपासणीपुरते लिहितो. विडाल ही 1896 मधील चाचणी आहे आणि ती जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते. ही प्रतिद्रव्ये सामान्यतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. त्यामुळे तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल पॉझिटिव्ह आली, तर ती बहुधा जुन्या संसर्गाची आठवण सांगत असते. एच प्रतिद्रव्ये तर आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात, आणि मलेरियासारख्या दुसऱ्याच तापातही ही चाचणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे टायफॉइड मुळातच इतका पसरलेला आहे की निरोगी माणसांतही कमी प्रमाणातील प्रतिद्रव्ये आढळतात. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन दुसऱ्यात चौपट वाढ दिसली तर तिला अर्थ आहे, पण दुसरा नमुना द्यायला कोणी परत येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आधीचे तीन ताप टायफॉइडचे नव्हतेच असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु पाच दिवसांत आपोआप उतरणारे विषाणूजन्य तापही पावसाळ्यात भरपूर असतात, आणि ते उतरल्याचे श्रेय गोळ्यांना मिळते.

यंदा प्रतिजैविक देण्याआधी रक्त घेतले गेले, ही सर्वांत चांगली गोष्ट झाली. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिलीलिटर रक्तात पुष्कळदा एखादाच जंतू असतो. म्हणूनच प्रौढांकडून आठ-दहा मिलीलिटर रक्त घ्यावे लागते, आणि आधी गोळ्या पोटात गेल्या असतील तर तो एकुलता जंतूही बाटलीत वाढत नाही. सर्व काळजी घेऊनही कल्चर साधारण निम्म्या रुग्णांतच पॉझिटिव्ह येते, त्यामुळे ते निगेटिव्ह आले म्हणून निदान आपोआप रद्द होत नाही.

निवृत्त_स्टेथो:
औषध बदलण्याची घाई करू नका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन योग्य असले आणि जंतू त्याला दाद देणारा असला तरी टायफॉइडचा ताप उतरायला पाच-सहा दिवस लागतात, कारण हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो आणि हे औषध पेशींच्या आत फारसे शिरत नाही. संध्याकाळचे टोक रोज थोडे खाली येत आहे का, भूक परतते आहे का, हे पाहावे. सात दिवसांनीही फरक नसेल तर डॉक्टर कल्चरच्या अहवालाप्रमाणे अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडण्याचा किंवा दुसरे कारण शोधण्याचा विचार करतीलच.

मुदतीच्या तापाविषयी सासूबाई चुकीचे बोलत नाहीत. त्या प्रतिजैविकांपूर्वीच्या काळाची नोंद सांगत आहेत. 1948 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि तीन-चार आठवड्यांचा ताप काही दिवसांवर आला. 1972 मध्ये केरळात कालिकत येथे त्या औषधाला न जुमानणारा टायफॉइड आढळला, 1990 च्या सुमारास अनेक जुनी औषधे एकदमच निकामी झाली आणि सर्वांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हाती घेतले. आज त्या गटातील औषधांना भारतातील बहुसंख्य टायफॉइड जंतू जुमानत नाहीत, म्हणून त्याच गटातील ऑफ्लॉक्सासिनची जोडगोळी मला पटत नाही. गंमत अशी की वापर थांबल्यामुळे क्लोरॅम्फेनिकॉलला आता पुष्कळसे जंतू पुन्हा दाद देतात. उलट पाकिस्तानच्या सिंध प्रांतात 2016 पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न बधणारा प्रकार पसरला. रुग्ण तिकडून प्रवास करून आलेला असेल तर डॉक्टर सुरुवातच वेगळ्या औषधाने करतात.

केवळ पेजेवर मात्र ठेवू नका. मऊ भात, मुगाचे वरण, दही, उकडलेले अंडे, केळे असे पचेल ते सर्व द्या, कारण या आजारात वजन झपाट्याने घटते. एका गोष्टीकडे अवश्य लक्ष ठेवा: लहान आतड्याच्या शेवटच्या भागात या आजाराने व्रण पडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात क्वचित तेथे छिद्र पडते. पोटात अचानक तीव्र वेदना, पोट कडक होणे किंवा काळी शौच यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी डॉक्टरांना बोलवा.

खाडीपलीकडे:
लसीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. आमच्या नवी मुंबईत 2018 मध्ये महानगरपालिकेने 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइडची संयुग्म लस मोफत देण्याची मोहीम सुरू केली आणि माझ्या दोन्ही मुलांनी ती तेव्हा घेतली. वीस वर्षांच्या मुलीला ती खासगी दवाखान्यात मिळू शकेल का?

निवृत्त_स्टेथो:
मिळेल, पण पूर्ण बरे झाल्यावर. पॅराटायफॉइड या टायफॉइडसारख्याच पण वेगळ्या जंतूमुळे होणाऱ्या तापापासून ही लस संरक्षण देत नाही, त्यामुळे खानावळीतील पाणी आणि उघड्यावरची चटणी यांबाबतची काळजी लसीनंतरही तीच राहते.

पाऊसवाट:
सर्वांचे आभार. कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉइडचाच जंतू, वाढला. सिप्रोफ्लॉक्सासिन निरुपयोगी, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन उपयुक्त असा अहवाल आहे. इंजेक्शनांच्या सहाव्या दिवशी ताप प्रथमच 99 वर राहिला. मुलगी आता घरी जायचा हट्ट करते आहे, परंतु डॉक्टर एकूण 14 दिवसांचे उपचार पूर्ण करायला सांगत आहेत. ताप नसताना एवढे दिवस इंजेक्शने आवश्यक आहेत का?

काचपट्टी:
आवश्यक आहेत. उपचार अर्धवट सोडल्यास दोन-तीन आठवड्यांनी तोच ताप उलटण्याची शक्यता वाढते. रुग्णालयात राहणे अनिवार्य नसेल, तर हाताची सुई तशीच ठेवून रोज एकदा येऊन इंजेक्शन घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसातून एकदाच द्यावयाचे औषध असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी तशी सोय करतात. आणि अहवालाची प्रत जपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात कोणी पुन्हा विडाल लिहून दिली, तर ती सोबत दाखवा.

पाऊसवाट:
तशी सोय झाली, उद्या घरी नेत आहोत. सासूबाईंनी मुगाच्या वरणाला संमती दिली आहे, अंड्यावर अजून चर्चा चालू आहे.