मदत हवी आहे: इंटरनेटचा स्पीड वायरवर ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही, वायफायवर मात्र १९० येतो

नमस्कार मंडळी, नेटवर्किंगमधलं कळणाऱ्यांनी जरा बघा, माझं डोकं बंद पडलंय.

गावचं घर राजापूर तालुक्यात. मे महिन्यात फायबर घेतलं, २०० एमबीपीएसचा प्लॅन. आधी तांब्याच्या फोनलायनीवरचं एडीएसएल होतं, पाऊस लागला की मोडेमवरचा दिवा लुकलुकायला लागायचा आणि बाबा छत्री घेऊन खांब बघून यायचे, बघून काय करायचे ते त्यांनाच ठाऊक. तो त्रास संपला.

आता फायबरचा डबा (ओएनटी म्हणतात, आमच्याकडे सगळे मोडेमच म्हणतात) बसवलाय ओटीवर कारण वायर तिथून आत आली. घर जुनं चिरेबंदी, भिंती दीड दीड फुटाच्या, ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय माजघराच्या दारातच मरतं, २.४ वालं मागच्या खोलीपर्यंत कसंबसं पोचतं पण ६-७ एमबीपीएस, त्यात व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा चौकोनाचौकोनांचा दिसतो. गणपतीला दोन आठवडे तिथूनच काम करायचं म्हणून वायरमनकडून माळ्यावरून कॅट ५ई केबल (नेटवर्कची, आत आठ तारा म्हणजे चार जोड्या) टाकून घेतली, साधारण २२ मीटर, मागच्या खोलीत भिंतीवर सॉकेट.

आणि आता गंमत. ओटीवर मोडेमशेजारी बसून ५ गिगाहर्ट्झवर टेस्ट केली की १८५-१९०. मागे लॅपटॉपला वायर लावली की ९३, ९४, ९४. सकाळी, रात्री, कधीही. कमी-जास्त झालं असतं तर लाईनला दोष दिला असता, पण हे अगदी मोजून मापून ९४.

केलेले उद्योग: मोडेमचे चारही पोर्ट बदलून बघितले, मोडेम बंद-चालू केला, लॅपटॉपच्या बॅगेतली छोटी वायर थेट मोडेमला लावली तर १९२ आली, म्हणजे मोडेम आणि लॅपटॉप दोघंही सुटले. इंटरनेटवाल्याचा माणूस म्हणतो मोडेम बदला, साडेतीन हजार. मला ते काही पटत नाही.

प्रश्न असा की केबलच खराब आहे का, आणि टेस्टर नसताना ते कसं तपासायचं? पुन्हा माळ्यावर चढायची हौस नाही, वर उंदीर आहेत.

अपडेट: ज्यांनी लिंक स्पीड (लॅपटॉप आणि मोडेम वायरवर आपसात किती वेगाने जोडले गेलेत ते) बघायला सांगितलं त्यांना साष्टांग. सेटिंगमध्ये १००/१०० दाखवतंय, छोट्या वायरवर १०००/१०००. म्हणजे केबलच. १०० च्या लिंकवर डेटासोबत जाणाऱ्या पत्त्याबित्त्याच्या माहितीचा खर्च वजा जाता हातात ९४ च्या आसपासच पडतात हे आज कळलं. शिवाय आतल्या आठ तारांपैकी १०० ला चारच पुरतात, नारिंगी आणि हिरवी जोडी, पण १००० ला आठही लागतात, म्हणून निळी नाहीतर तपकिरी कुठेतरी तुटली असणार. उंदरांवर संशय घेऊन मी मोकळा झालो होतो.

अपडेट २: उंदीर निर्दोष आहेत. मागचं सॉकेट उघडलं तर आत निळी जोडी जोडलेलीच नाही, ती बाजूने बाहेर काढून थेट स्वयंपाकघराकडे गेलीये. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनींनी लँडलाईन स्वयंपाकघरात पायजे म्हणून सांगितलंनी, तुमची एक जोडी रिकामीच होती." मोडेमला फोनचा पोर्ट असतो, तिथून त्याने माझ्याच केबलमधून आईचा फोन नेलाय आणि दोन्ही टोकांना इतकं स्वच्छ काम केलंय की रागावताही येईना.

निळी जोडी परत सॉकेटला घेतली, ओटीकडच्या टोकाला कनेक्टर नवा मारला, लिंक १०००, स्पीड १९३. आणि स्वयंपाकघरातला फोन बंद. मावशीचा फोन सकाळी ११ ला येतो, तो आला नाही, त्यावरून जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी जोडी परत जिथल्या तिथे.

तर आता नवा प्रश्न, फोनसाठी साधी दोन तारांची टेलिफोन वायर २५ मीटर हवीये, राजापूर किंवा लांज्यात सुटी कुठे मिळेल? दोन दुकानांत विचारलं, दोघंही पूर्ण बंडल घ्या म्हणतायत. तोवर मी ९४ वरच आहे.