सातबारा ऑनलाईन झाला, पण आत्तीचं नाव गेलं कुठं?

उसाचा_फड (करवीर):
मंडळी जरा मदत करा. आजोबा 1989 ला वारले, वारस म्हणून बाबा, काका आणि आत्ती तिघांची नावं लागलेली, हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स हाय माझ्याकडं. परवा सोसायटीच्या कर्जासाठी 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला तर आत्ती गायब. चावडीत गेलो तर भाऊसाहेब (तलाठी) म्हणतात सिस्टीमला दिसतंय तेच खरं, माझ्या हातात काय नाही. मग हाय तरी कुणाच्या हातात? आम्हाला नुसतं बघता येतंय. काका म्हणतोय जाऊ दे की, तिला कुठं शेती करायची हाय.

पंचगंगाकाठ:
भावा आधी ती झेरॉक्स उजेडात धरून बघ, आत्तीच्या नावाला कंस हाय का? कंस असेल तर कॉम्प्युटरचा काय दोष नाही, कुणीतरी फेरफार (हक्कबदलाची नोंद) घालून नाव कमी केलंय, नंबर पण तिथंच असतो. मग प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपील, मुदत 60 दिवसांची असते म्हणून उशीर माफीचा अर्ज जोडायचा. कंस नसेल तर टाईप करताना सुटलंय, तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्ती माग.

जुना_कारकून:
महसुलात नोकरी झाली माझी. पूर्वी दप्तर फडक्यात बांधून तलाठ्याच्या ताब्यात, आता लॉगिन त्याच्याकडं. नोंद तो धरतो, मंजूर सर्कल (मंडल अधिकारी) करतो, म्हणजे "माझ्या हातात काय नाही" हे अर्धंच खरं. नोटीस काढून हरकतीला 15 दिवस द्यायचे असतात, हल्ली ती 'आपली चावडी' या सरकारी वेबसाईटवर पण दिसते, पण रोज उठून कोण बघतंय? आणि 155 लेखनातल्या चुकांसाठी हाय, त्याच्या आडून भलतेच बदल केल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्यात, तेव्हा खरंच चूक असेल तरच त्या वाटेनं जावा. घाबरू नका मात्र. सातबारा महसुली अभिलेख, उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर धरतात एवढंच. मालकी शेवटी दिवाणी कोर्ट ठरवतं.

मिरचीकांडप:
आत्तीला विचारलं का कुणी??? सगळे सर्कल न् प्रांत करत बसलाय. आमच्या आईचं नाव असंच गेलं, भाऊबीजेला साडी दिली न् कागदावर सही घेतली, बिचारीला वाटलं पाणीपट्टीचं काहीतरी असंल. हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) रजिस्टर झालेलं लागतं, साध्या अर्जावर नाव कमी केलं असेल तर सोडू नका.

उसाचा_फड:
कंस हाय. पुसट हाय म्हणून दिसला नव्हता, फेरफार 2003 चा. आत्तीला फोन लावला, ती म्हणाली त्या साली काका विहिरीच्या कर्जाला जामीन पाहिजे म्हणून अंगठा घेऊन गेलावता. सोमवारी तहसीलला त्या फेरफाराच्या नकलेचा अर्ज टाकतोय, आत्ती पण येते म्हणाली. काकाला अजून सांगितलं नाही.