व्हायोलिनच्या गजासाठी पैसे राखून ठेवा

'गज (तारांवर फिरवायचा बो) सोबत मिळतोच, मग सगळं बजेट व्हायोलिनवरच घालू का?' असं विचारलंय तुम्ही. नका घालू! सोबतचा गज बहुधा नावापुरताच असतो. दुकानात स्वतःचंच व्हायोलिन घेऊन जा आणि त्यावर चार-पाच गज वाजवून बघा. वजन साधारण 60 ग्रॅम असतं, पण हातात तोल कसा वाटतो ते महत्त्वाचं. काडी डोळ्यासमोर धरून बाजूला वळलीय का पाहा. चांगल्या गजाची काडी ज्यापासून बनवतात त्या पर्नाम्बुको या ब्राझिली लाकडाच्या व्यापारावर 2007 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशातून आणणार असाल तर कागदपत्रं विचारा. नवशिक्याला कार्बन फायबरचा गज उत्तम. आणि हो, व्हायोलिनच्या पोटात 'स्ट्रादिवारियस' या जुन्या, नामांकित इटालियन कारागिराच्या नावाची चिठ्ठी दिसली तर हुरळू नका, कारखान्यांनी ती सर्रास चिकटवलीय.