कोलेस्टेरॉलची गोळी आणि आईचा विसर: गोळी बंद करावी का?

केतकी: आई ७६ वर्षांची. चार वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, तेव्हापासून रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० ही स्टॅटिन जातीची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. हल्ली दुधाला विरजण लावलं का तेच आठवत नाही, परवा कुकर शिट्टीशिवायच गॅसवर चढवला. माझी मावशी म्हणते, या गोळ्यांनी मेंदू सुकतो, बंद कर. मलाही तसंच वाटतंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१२ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकात विस्मरणाची नोंद घालायला लावली, ती काय उगीच?

रानजाई: ती नोंद पुढेही वाच. असं विस्मरण सहसा गंभीर नसतं आणि गोळी थांबवल्यावर जातं, असंही त्यात आहे. शिवाय ती आलेल्या तक्रारींवरून घातलेली. ‘प्रॉस्पर’ अभ्यासात ७० ते ८२ वयाचे ५,८०४ जण होते. निम्म्यांना प्राव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. तीनेक वर्षांनी स्मरणशक्तीत दोन्ही गटांत फरक नव्हता. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो गं. स्टेंटवाल्या माणसाची गोळी परस्पर बंद करणं म्हणजे विस्तवाशी खेळ.

तात्या ६८: आकडे सगळ्यांचे मिळून असतात, त्रास एकट्याला होतो. सिम्व्हास्टॅटिन सुरू केल्यावर मला समोरच्या बिऱ्हाडातल्या माणसांची नावं आठवेनात. डॉक्टर म्हणाले, “वय झालं.” मी दुसऱ्यांकडे गेलो. त्यांनी महिनाभर थांबवून रोझुव्हास्टॅटिन दिली. रविवारचं शब्दकोडं पुन्हा सुटायला लागलं. हे मी भोगलंय, वाचलेलं नाही.

रानजाई: तात्या, तुमचा त्रास खराच. पण कारण गोळीच होती कशावरून? त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना ‘सॅमसन’ अभ्यासात काही महिने खरी गोळी, काही महिने बिनऔषधाची, काही महिने काहीच नाही, असं दिलं. बिनऔषधाच्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच त्रास झाला. धास्तीनेसुद्धा माणूस आजारी पडतो.

तात्या ६८: त्यात बहुतेकांची तक्रार अंगदुखीची होती, स्मरणाची नव्हे. आणि पंचाहत्तरीनंतर, हृदयविकार नसताना ही गोळी द्यावी का, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. मग म्हाताऱ्यांनी विचारलं की धास्ती कशी? केतकीच्या आईला स्टेंट आहे, तिथे बंद करा असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांना गोळी बदलून मागायचा तिला हक्क आहे.

सुलभामावशी: मी ३० वर्षं नर्स होते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि बी-१२ केलंस का? थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं आणि डोकंही जड होतं. बाकी काय घेते आई? सगळा डबा बघ.

केतकी: आत्ता पाहिला. रात्रीच्या कप्प्यात अल्प्राझोलॅम आहे, घबराट कमी करून झोप आणणारी गोळी. बाबा गेल्यावर १५ दिवसांपुरती दिली होती. दीड वर्ष झालं, औषधवाला देतोय नि ती घेतेय. मला माहीतच नव्हतं.

सुलभामावशी: अगं बाई! विसर तर तिनेही पडतो. पण ती एकदम तोडू नकोस, त्रास होतो, कधी झटकेही येतात. डबा जसाच्या तसा घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा.

तात्या ६८: आणि आईला सोबत ने. तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोला.